सिव्हर्ट बाकावर का बसतो

पहिल्याच दिवशी मी गॅरिटीला कॉफी विचारली आणि तो ‘हो’ म्हणाला.

एकदाच विचारली होती. मी अजून किटलीला हातही लावला नव्हता, तर या बाबाने कप पुढे सरकवला. केक विचारला, त्यालाही हो. आणखी एक तुकडा? हो. वर साखर तीन चमचे, आणि तीही साखर कुपनावर मिळत होती तेव्हा, मी स्वतः कडू पीत होते तेव्हा. माझ्या या टेबलाशी पाळक बसलेत, बिशप बसलेत, माझ्या नवऱ्याला पुरून परत आलेली माणसं बसलीत. उपाशी होती, थंडीने कुडकुडत होती, पण असं कुणी केलं नाही. माणसाने आधी ‘नको, नको’ म्हणावं. मग ‘उगाच कशाला त्रास’ म्हणावं. तिसऱ्यांदा विचारलं की ‘बरं, अर्धा कप’ म्हणावं आणि मग खुशाल तीन कप प्यावेत. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही एवढं कळतं. माझा नातू सिव्हर्ट चार वर्षांचा असताना पाळकांच्या घरी त्याने पहिल्या विचारण्याला बिस्किट उचललं होतं. घरी आल्यावर मी त्याच्या बोटांवर लाकडी चमचा असा ओढला की पुन्हा त्याने कधी तसं केलं नाही.

तेव्हाच मी मनात म्हटलं, रॅग्ना स्लेटन, या माणसावर नजर ठेव. ज्याला खाण्यापिण्याची लाज नाही त्याला कशाचीच नसणार.

हे त्रेचाळीस सालच्या सप्टेंबरातलं. आमच्या कॉलेजचा जुना फुटबॉलचा कोच आरमारात गेला, त्याच्या जागी शिकागोहून हा गॅरिटी आला. वय चाळिशीचं, एक गुडघा अधू, म्हणून लष्कराने घेतला नव्हता. माझ्या मुलांच्या खोल्या रिकाम्या होत्या. कॉलेजचे मुख्य स्वतः घरी आले आणि कोचला ठेवून घ्याल का म्हणून मला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी ‘बघते’ म्हणाले. दुसऱ्या दिवशी गॅरिटी पेटी घेऊन दारात.

आयरिश. कॅथलिक. जेवायच्या आधी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावायचा, जणू खिसे चाचपतोय. शुक्रवारी मांस खायचा नाही. मांसाची कुपनं मात्र सगळीच्या सगळी माझ्या हातात ठेवायचा. आता सांगा, लढाईच्या दिवसांत कोण कुणाला फुकट मांस देतं? मी घेतलं, पण विचार करत घेतलं.

आमचा इथला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन पलीकडची रेषा ओलांडायची. संघात त्या वर्षी सतरा पोरं होती. ज्यांना लष्कराने घेतलं नव्हतं ती, आणि ज्यांना अजून घेतलं नव्हतं ती. बीट काढायचे दिवस आले की त्यातली निम्मी शेतावर, आणि संध्याकाळी सरावाला यायची ती कोपरापर्यंत मातीने माखून. आसपासच्या चार कॉलेजांनी तर खेळच बंद केला होता. राहिलेल्या दोन कॉलेजांशी दोन-दोन सामने आणि मध्ये एक विमानतळावरच्या शिपायांशी, असे पाचच सामने ठरले. पेट्रोलही कुपनावर, म्हणून पोरं दुधाच्या ट्रकमधून जायची.

आणि त्या सतरांत माझा सिव्हर्ट. बाप त्याचा, म्हणजे माझा लीफ, मालवाहू जहाजावर. पत्र आलं तर आलं. आई बाळंतपणात गेली. पोर मी वाढवलं. सहा फूट उंच, आणि वासरू सुटलं तर दोरीशिवाय पकडून आणणारा. आठ वर्षांचा होता तेव्हापासून कोठाराच्या छपरावरून बीट फेकायचा, पलीकडच्या बाजूला धावत जायचा आणि खाली पडायच्या आत झेलायचा. रोज, दहा वर्षं. आमची कोठाराची भिंत अजून लाल डागांनी भरलेली आहे. एकोणीस नोव्हेंबरला त्याला अठरा पुरी होणार होती. मग लष्कराचा कागद येणार, मग न्यायला बस येणार. म्हणजे खेळायला त्याच्या आयुष्यात हाच एक हंगाम होता, आणि हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, गावातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

पहिला सामना झाला. सिव्हर्ट बाकावर बसला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत.

त्याच्या जागी कोण? एल्मर फॉस. पाळकांचा मुलगा, चष्मा दोरीने डोक्याला बांधलेला. टोकाला उभं राहायचं, शिट्टी झाली की सुसाट पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू झेलायचा, एवढंच काम. एल्मरच्या छातीवर चेंडू आपटायचा आणि मग एल्मर तो जमिनीवर शोधायचा. चौतीस शून्याने हरलो. दुसरा सामना सत्तावीस शून्य. सिव्हर्ट बाकावर. विमानतळावरच्या शिपायांनी तर बावन्न घातले, आणि तेव्हाही माझा नातू अंगावर कोट घेऊन बाकावर, जणू बसची वाट बघतोय.

घरी मी विचारलं, “कसं चाललंय?”

“बरं आहे,” तो म्हणाला.

“खेळायचंय ना तुला?”

“चाललंय की, आजी.”

“कोच काही बोलला का?”

“फारसं नाही.”

आमची माणसं अशीच. पाय मोडला तरी ‘तसं वाईट नाही’ म्हणतील. पण तो बटाटे सोलत होता, आणि सालीबरोबर निम्मा बटाटा जात होता. ते मला पुरेसं होतं.

मग मी बघायला लागले.

क्लारा मो माझी शेजारीण. तिचा नवरा पोस्ट सांभाळतो, त्यामुळे गावात येणारं प्रत्येक पाकीट क्लाराच्या तळहातावर वजन होऊनच पुढे जातं. एका मंगळवारी ती डोक्याला रुमाल न बांधता धावत आली.

“रॅग्ना, तुझ्या भाडेकरूला दर मंगळवारी शिकागोहून पाकीट येतं. जाड.”

“किती जाड?”

“प्रेमपत्र असतं त्याहून जाड. अक्षर बाईचं.”

“तुला काय माहीत प्रेमपत्र किती जाड असतं? तुझ्या नवऱ्याने तुला जन्मात एक चिठ्ठी लिहिली ती म्हणजे डुक्कर विकल्याची.”

“ती काय कमी प्रेमाची होती?” क्लारा म्हणाली. “पण पाकिटाचं बघ तू.”

बघितलं. बुधवारी मी त्याच्या खोलीतली धूळ पुसत होते आणि टेबलावरची वही उघडली गेली. वाऱ्याने. वहीत कागद होते, शिकागोच्या बाईच्या हाताने काढलेले. कागदभर गोल, फुल्या आणि बाण. एक कागद मी एप्रनच्या खिशात घालून क्लाराला दाखवला, मग परत ठेवला.

क्लाराने तो उलटासुलटा करून बघितला. “गोल म्हणजे धान्याची कोठारं,” ती म्हणाली. “फुल्या म्हणजे बॉम्ब.”

“आणि बाण?”

“विमानं कुठून येणार ते.”

“क्लारा, आपल्या गावात धान्याचं मोठं कोठार एकच आहे.”

“म्हणूनच तर मला संशय आला.”

क्लाराचं सोडा. मी सिव्हर्टला आडून विचारलं, तर तो म्हणाला, गोल म्हणजे आम्ही, फुल्या म्हणजे समोरचे, आणि बाण म्हणजे कुणी कुठे पळायचं ते. खेळातले डाव. हे ऐकून माझं समाधान व्हायला हवं होतं, पण उलटंच झालं. आमच्या पोरांनी कुठे पळायचं हे शिकागोतली बाई ठरवते? का? तिचा काय संबंध? मागच्या हिवाळ्यातच पेपरात आलं होतं की मोठ्या शहरांत अशा सामन्यांवर पैजा लागतात आणि हरायलाही माणसं ठेवलेली असतात. मग मला सगळं एका ओळीत दिसायला लागलं. चष्मेवाला मैदानात. झेलणारा बाकावर. चौतीस, सत्तावीस, बावन्न. या माणसाला हरायलाच पाठवलंय! आणि त्यासाठी माझ्या पोराचा एकुलता एक हंगाम जाळतोय, आणि सकाळी माझ्याच टेबलावर बसून माझीच साखर ढवळतोय.

पुढच्या बुधवारी परत वारा आला. या वेळी वहीचं शेवटचं पान. सतरा पोरांची नावं. मी शाळेत तीनच हिवाळे गेले, पण आमचं आडनाव मी झोपेतही वाचीन. ‘स्लेटन’च्या पुढे दोन उभ्या रेघा होत्या आणि त्यापुढे लिहिलं होतं, ‘नाही’. बाकी कुणाच्या नावापुढे काही नव्हतं.

दोन रेघा कसल्या? आणि ‘नाही’ कुणी सांगितलं? शिकागोच्या बाईने?

चौथा सामनाही हरलो, वीस विरुद्ध सहा. ते सहा कसे झाले हे कुणालाच नीट कळलं नाही, चेंडू एल्मरच्या अंगाखाली सापडला म्हणे. आता एकच सामना उरला होता. तेरा नोव्हेंबर, शनिवार, आमच्याच मैदानावर. मी ठरवलं, शुक्रवारी कॉलेजच्या मुख्यांकडे जायचं. चर्चच्या बायकांचं मंडळ माझ्या हातात होतं, आणि त्या कॉलेजच्या छपराचं लाकूड आमच्या मंडळाने दिलेलं आहे. मी तोंड उघडलं असतं तर गॅरिटी रविवारच्या गाडीत असता. पण पाठीमागून वार करणं आमच्या घरात बसत नाही. माणसाला आधी तोंडावर विचारायचं आणि मग गाडायचं.

गुरुवारी दुपारी मी चुलीशी लेफ्सा भाजत होते. बटाट्याच्या पातळ पोळ्या, ताटाएवढ्या, उलटायला हातात लांब चपटी काठी लागते. गॅरिटी वर्गावरून आला, लंगडत.

“मिसेस स्लेटन, वास रस्त्यापर्यंत येतोय.”

“येऊ दे. बसा. माझ्या नातवाला तुम्ही का खेळवत नाही?”

तो बसला नाही. टोपी काढायची राहिली होती, ती काढली. “त्याला खेळायचं नाही म्हणून.”

“कुणी सांगितलं?”

“त्यानेच.”

माझ्या हातातली काठी तशीच राहिली आणि पोळी एका बाजूने करपायला लागली. “खोटं! तो पोरगा दहा वर्षं बीट झेलतोय. तुमच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘नाही’ लिहिलंय, ते शिकागोच्या बाईने सांगितलं म्हणून. मी वाचलंय.”

वही वाचली हे तोंडातून गेलं. गेलं तर गेलं. तो रागावेल असं वाटलं होतं, पण तो खुर्चीवर बसला आणि हाताने गुडघा चोळायला लागला.

“पाकिटं एका आईची आहेत,” तो म्हणाला. “युजीन नावाचा पोरगा होता माझ्या शाळेच्या संघात. एका सामन्याच्या दिवशी म्हणाला, कोच, आज नको, मान दुखतेय. मी म्हटलं, घाबरटपणा करू नको. ढकलला मैदानात. तेव्हापासून त्याचे हातपाय हलत नाहीत. डोकं मात्र माझ्यापेक्षा चांगलं चालतं. तो डाव सांगतो, आई कागदावर काढते. तुमच्या संघाचे सगळे डाव त्याचे आहेत. माझे असते तर आणखी हरलो असतो.”

मी करपलेली पोळी बाजूला काढली.

“त्यानंतर मी एक नियम केला,” तो म्हणाला. “पोरगा नाही म्हणाला की नाही. सिव्हर्टला पहिल्याच दिवशी विचारलं, सगळ्यांसमोर. टोकाच्या जागी खेळशील का? म्हणाला, नको, माझ्यापेक्षा चांगले आहेत की. मला वाटलं बुजला असेल. दुसऱ्या सामन्यात एल्मरचा चष्मा फुटला तेव्हा पुन्हा विचारलं. म्हणाला, एल्मर करेल ना, उगाच कशाला. दोनदा विचारलं, मिसेस स्लेटन. म्हणून दोन रेघा. दोनदा नाही म्हणाला.”

“दोनदा,” मी म्हटलं.

“दोनदा.”

“आणि मग?”

“मग काय? मग नाही म्हणजे नाही.”

मला बसावं लागलं. इतक्या वर्षांत चुलीवर पोळी असताना मी कधी बसले नव्हते.

“लेफ्सा घेणार?” मी विचारलं.

“हो,” म्हणून त्याने हात पुढे केला.

मी त्याच्या हातावर काठी मारली. फार जोरात नाही. “हे! हेच! घ्या म्हटलं की घेता!”

“मग काय करायचं?”

“नको म्हणायचं.”

“मला हवी असताना?”

“हवी असताना तर नक्कीच.”

“आणि नको असेल तर?”

“तेव्हाही नको म्हणायचं.”

त्याने हात चोळला. “मग विचारणाऱ्याला कळतं कसं?”

“तिसऱ्यांदा विचारून.”

“म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.”

“लपवायचं नाही, घाईने पुढे करायचं नाही! माणसाने समोरच्याला दोनदा सुटायची संधी द्यावी. कदाचित त्याच्याकडे पुरेसं नसेल. कदाचित त्याने नुसतं रीत म्हणून विचारलं असेल. तिसऱ्यांदा विचारतो तो मनापासून विचारतो.”

गॅरिटीने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, “म्हणजे तो पोरगा पाच आठवडे बाकावर बसून माझ्या तिसऱ्या विचारण्याची वाट बघतोय.”

“हो.”

“आणि मी त्याच्या तोंडातून एक ‘हो’ यायची वाट बघतोय.”

“हो.”

“देवा,” तो म्हणाला आणि कपाळाला, छातीला हात लावले. या वेळी मला ते खिसे चाचपल्यासारखं वाटलं नाही. “बरं. दोनदा झालंय. शनिवारी तिसऱ्यांदा विचारतो.”

इथे मी जे बोलले ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, “ते दोन आता शिळे झाले. महिना उलटला. पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागेल.”

“तीनदा?”

“तीनदा. नाहीतर त्याला वाटेल मी तुमच्याकडे रदबदली केली. मग तो तोंड लपवून घरात बसेल, पण मैदानात उतरणार नाही.”

“मिसेस स्लेटन,” तो उठत म्हणाला, “दोन महिन्यांनी तो जिथे जाणार आहे, तिथे एकदाही विचारत नाहीत.”

मी त्याला लेफ्सा बांधून दिली. न विचारता. मुख्यांकडे मी गेले नाही. पण विश्वास ठेवला असंही नाही. गोष्ट सांगणारे शिकागोत पुष्कळ असतील. म्हटलं, शनिवारी कळेल.

शनिवारी उत्तरेचा वारा होता आणि बर्फाची भुरभुर. मी आणि क्लारा दोन घोंगड्या घेऊन लाकडी पायऱ्यांवर बसलो. खाली चुन्याच्या रेघेशी बाक, बाकावर सिव्हर्ट, अंगावर कोट. मध्यंतरापर्यंत गॅरिटी त्याच्याकडे फिरकला नाही. क्लारा म्हणाली, “बघ, डुक्कर पट्टीचं लबाड आहे.” माझ्या मनातही तेच.

मध्यंतरानंतर तो लंगडत बाकाशी गेला, वाकला, काहीतरी म्हणाला. सिव्हर्टने मान हलवली आणि हाताने एल्मरकडे दाखवलं. एल्मर आहे की. मला इथून ऐकू आल्यासारखं वाटलं.

“एक,” मी म्हटलं.

“एक काय?” क्लारा म्हणाली.

“काही नाही. समोर बघ.”

थोड्या वेळाने दुसऱ्यांदा. पुन्हा मान हलली. पण ‘नको’ म्हणताना पोराचा हात हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेला होता. ते गॅरिटीला दिसलं नसेल, मला दिसलं.

“दोन,” मी म्हटलं.

“रॅग्ना, तुला बरं आहे ना?”

आणि नेमका त्याच वेळी मैदानात आमचा एक पोरगा आडवा झाला. गॅरिटी तिकडे धावला. पोराला उचललं, बाहेर आणलं, दुसरा पाठवला, पंचांशी वाद घातला. मग समोरच्यांनी चेंडू रेषेपार नेला, त्यांचे तेरा, आमचे सहा. मग आमचा डाव, मग त्यांचा. घड्याळ पळतंय, आणि हा माणूस रेघेशी उभा, पाठ बाकाकडे. विसरला! नाहीतर विसरायचंच होतं त्याला. शिकागो ते शिकागोच. मी घोंगडीची किनार इतकी पिळली की तिचे दोरे सुटले. हाक मारावी असं दोनदा मनात आलं. पण स्लेटनांची बाई मैदानात ओरडून नातवासाठी मागणार? तोंड मिटून बसले. त्या मिटल्या तोंडाची मला आज लाज वाटते.

दोन मिनिटं उरली तेव्हा गॅरिटी वळला. आधी त्याने वर पायऱ्यांकडे, माझ्याकडे बघितलं. मग बाकाशी गेला. त्याचं वाक्य पुरं झालंच नसेल. सिव्हर्ट उभा होता, कोट बर्फात पडलेला, हेल्मेट डोक्यावर.

“तीन,” मी म्हटलं, आणि क्लाराने माझा हात धरला. काय चाललंय हे तिला तेव्हाही कळलं नव्हतं, पण धरला.

पहिला चेंडू त्याच्या डोक्यावरून पुढे जाणार असं वाटलं. सिव्हर्टने मागे बघितलंसुद्धा नाही. बीट फेकून कोठाराच्या पलीकडे पळायचा तसा पळाला आणि चेंडू त्याच्या हातात येऊन पडला, जणू रोज तिथेच पडतो. तीस यार्ड गेला. लोक उभे राहिले. समोरच्यांना अजून कळत नव्हतं हा आला कुठून. पुढचा चेंडू दुसऱ्याकडे गेला आणि वाया गेला. तिसरा पुन्हा त्याच्याकडे, उंच, वाऱ्यात हेलकावणारा. त्याने तोही झेलला, एकाला झटकलं, दोघांनी पाय धरले, तिसरा पाठीवर बसला, आणि तिघांना ओढत तो चालत राहिला. रेषेपासून पाच यार्डांवर पडला. शिट्टी झाली. ती शेवटची शिट्टी होती.

हरलो. अख्ख्या हंगामात एकही सामना जिंकला नाही.

संध्याकाळी सिव्हर्ट जेवायला बसला तेव्हा त्याच्या कानात माती होती आणि हसून तोंड मिटता मिटत नव्हतं.

“कसं वाटलं?” मी विचारलं.

“तसं वाईट नाही,” तो म्हणाला. मग थोडं खाल्ल्यावर, ताटाकडे बघत, “आजी, पहिल्या दिवशीच मी हो म्हणालो असतो तर…”

मी पुढचं वाक्य मागितलं नाही. पाच सामने, आणि त्यातली दोन मिनिटं. आणि त्या शेवटच्या सामन्यातसुद्धा ‘पुन्हा पहिल्यापासून’ मीच म्हटलं होतं.

कागद नाताळच्या आधी आला. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी बस. सकाळी इतकी थंडी की खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ. सिव्हर्ट टेबलाशी बसला, नवा शर्ट, केस पाण्याने चापून बसवलेले.

“कॉफी?” मी विचारलं.

“हो, आजी,” तो म्हणाला. “आणि तो केकचा मोठा तुकडा पण दे.”

सवयीने माझा हात लाकडी चमच्याकडे गेला. मी चमचा उचलला आणि धुवायच्या भांड्यात टाकला. तुकडा कापला, सगळ्यात मोठा. त्याने तो चार घासांत खाल्ला आणि दुसरा मागितला. मागितला! आमच्या घरात! मी दिला.

बस गेल्यावर मी परत आले तेव्हा गॅरिटी स्वयंपाकघरात उभा होता. त्याचीही पेटी दाराशी. कॉलेजने लढाई संपेपर्यंत खेळ बंद केला होता, दुपारच्या गाडीने तो शिकागोला जाणार होता.

“कॉफी?” मी विचारलं.

“नको, नको,” तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. “केक तरी.”

“उगाच कशाला त्रास, मिसेस स्लेटन.”

डोळ्यांत हसू नव्हतं त्याच्या. माझी रीत पाळत होता, चार महिन्यांनी, जायच्या दिवशी. आणि ज्याला ती रीत मी चमच्याने शिकवली होती, तो ती इथेच टाकून बसमध्ये बसला होता. मी किटली उचलली, त्याचा कप भरला, त्यात मोजून तीन चमचे साखर घातली आणि कप त्याच्यापुढे आपटला.

“गॅरिटी,” मी म्हटलं, “हावरट आहेस तू. कॅथलिक आहेस, आणि कुणाला मैदानात पाठवावं हे अजून तुला एका बघण्यात कळत नाही. पण लबाड नाहीस. मी तुला लबाड समजले ती माझी चूक, आणि पोराचे ते पाच आठवडे निम्मे तुझ्यावर, निम्मे माझ्यावर. बस खाली. कॉफी घे. मी परत विचारणार नाही.”